सनदेची जप्ती

खर्ड्याच्या माळावर ११ मार्च १७९५ रोजी झालेली लढाई, पराक्रमाची वर्णने क्षणभर बाजूला सारली असता, मुळात थकबाकीच्या वसुलीची होती. चौथाईचा हिशेब नाना फडणविसांनी मागितला, निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याने त्यास उद्दाम उत्तर दिले, आणि अखेर खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडल्या गेलेल्या निजामास तीन कोटींचा करार लिहून देऊन खुद्द दिवाणालाच पुणेकरांच्या हवाली करावे लागले. परंतु विजेत्यांच्या हातून एक प्रमाद घडला: दिवाण त्यांनी ताब्यात घेतला, त्याची बुद्धी आणि जिव्हा मात्र मोकळी ठेवली. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर पुणे दरबारात जी बेदिली माजली तीत त्याचा वशिला पुन्हा वधारला, आणि १७९६ च्या महाडच्या तहात उरलेली बाकी सोडून देण्याचे खुद्द नानांनाच कबूल करावे लागले.

हा प्रमाद अमेरिकेतील कित्येक राज्यांनी कटाक्षाने टाळला. शिक्षणासाठी काढलेले कर्ज थकले की ऋणकोचा व्यवसाय-परवानाच, मग तो परिचारिकेचा असो वा वकिलाचा, निलंबित करण्याचे कायदे त्यांनी केले. न्यूयॉर्कच्या एका अपील न्यायालयाने तर २००९ मध्ये एका उमेदवारास चार लाख डॉलरांहून अधिक कर्जापायी वकिलीच्या उंबरठ्यावरूनच परत धाडले. मिळवील तो फेडील, हा गावंढळ समज तेथे केव्हाच मागे पडला असावा.

आमच्याकडे मात्र सारा गलथान कारभार. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता कलम ६० अन्वये शेतकऱ्याची औते व बैल आणि कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळते. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात कर्ज थकले म्हणून सनद जावी अशी तरतूदच नाही. वकिलाने अशिलास दाव्यासाठी कर्ज देऊ नये, असे बार कौन्सिलचे नियम बजावतात. स्वतःच्या शिक्षणासाठी कर्ज घेण्याविषयी ते सुज्ञपणे मौन पाळतात. त्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सनदेचे शुल्क कायद्यातील ७५० रुपयांवर आणून ठेवले, म्हणजे सनद स्वस्त झाली आणि पदवी महागच राहिली. खर्ड्याचा एखादा तरुण वकील जामखेडच्या न्यायालयात तारखांमागून तारखा घेत बँकेचे हप्ते चुकवीत असेल, तर त्याची सनद सरकारजमा करून त्यास सक्तीची विश्रांती द्यावी. उत्पन्न थांबले की वसुलीचा मार्ग निर्वेध होतो, हे तर्कशास्त्र आमच्या महसूल खात्यास समजण्यास जड जाऊ नये.

अमेरिकेत मोन्टानाने २०१५ मध्ये आणि टेक्ससने २०१९ मध्ये आपले परवाना-निलंबनाचे कायदे मोडीत काढल्याने ते आता स्वस्तात मिळण्यासारखे आहेत. मराठी मसुद्यासाठी मात्र अद्याप सनद शाबूत असलेला वकील आधी गाठावा लागेल, आणि त्याची फी रोख द्यावी लागेल.