फाइलकाका

दहिसर पूर्वेला जुन्या सोसायट्यांमध्ये एक फाइलकाका हमखास सापडतात. बहुधा स्वेच्छानिवृत्त, बँकेतले नाहीतर टेलिफोन खात्यातले. बारावी सायन्सचं मूल स्वतःचं असो की तिसऱ्या मजल्यावरचं, त्याची फाइल काकांच्या ताब्यात. आत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटची प्रमाणपत्रं, दहिसर नदीतला गाळ काढतानाचा फोटो आणि गोविंदा पथकात पाचव्या थरावर चढल्याचा दाखला, मंडळाच्या अध्यक्षांच्या सहीशिक्क्यानिशी.

‘डॉक्टर व्हायला नुसते मार्क पुरत नाहीत,’ हे काकांचं पालुपद. म्हणणं अगदी खरं आहे, फक्त ते सीईटी सेलला कुणी कळवलेलं नाही. नीटचे १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला चार आणि चुकलं की एक वजा. त्यातून जो आकडा निघेल तो, शिवाय अधिवास, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर वगैरे कागद. पाचव्या थराला रकाना नाही.

तरी काका माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचतात. एकदा त्यांना त्यात डोंगरी भाग आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागासाठीच्या राखीव जागा दिसल्या. ‘चेकनाका म्हणजे मुंबईची सीमाच की! आणि मागे कान्हेरीचा डोंगर.’ अर्ज भरून देणाऱ्या पोराने विचारलं, ‘काका, महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, त्यांत दहिसर आहे का?’ त्या पोराच्या दुकानात काका पुढे महिनाभर झेरॉक्सलाही गेले नाहीत.

अशा माणसाची पुतणी न्यू जर्सीत, एडिसनला राहते आणि मेडिकलला अर्ज करते, हा काकांच्या आयुष्यातला सुवर्णयोग. तिथे आधी पदवी, मग एमकॅट, आणि मग खुद्द अर्जातच अनुभवांसाठी १५ जागा. प्रत्येकी ७०० अक्षरं. त्यांतले सर्वांत मोलाचे तीन निवडायचे, त्यांना आणखी १३२५. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा मोजतात. प्रत्येक अनुभवाला किती तास दिले आणि खातरजमा कुणाकडे करायची, तेही लिहायचं. हे ऐकून काकांचा कंठ दाटून आला.

पुतणी एका सुट्टीत दहिसरला येऊन ढोलपथकात वाजवून गेली होती. काकांनी रातोरात मजकूर पाठवला: ‘पारंपरिक तालवाद्य समूहातील नेतृत्व आणि सामूहिक लय-व्यवस्थापन.’ नेतृत्व कसलं, ती तिसऱ्या रांगेत होती.

तिने लिहिलं ते वेगळंच. मिरवणुकीत शेजारची मुलगी चक्कर येऊन पडली. हिने गर्दी मागे हटवली, तिचा ढोल सोडवला, तिला सावलीत नेलं, आणि पुढे काय करायचं ते आपल्याला ठाऊक नाही हे त्या क्षणी हिला कळलं.

‘आपल्याला काही येत नव्हतं, हे अर्जात लिहितात?’ काका व्हिडिओ कॉलवर कडाडले. आणि मोठा दाखला द्यायचा म्हणून त्यांनी थेट आनंदीबाई जोश्यांना मैदानात उतरवलं. कल्याणच्या आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेत उतरल्या, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि १८८६ साली एम. डी. झाल्या. डिग्री नाही, काही नाही. केवढ्या दिमाखात अर्ज केला असेल!

पुतणीने आनंदीबाईंचं ते अर्जाचं पत्र वाचलेलं होतं. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करत नाही, हे आनंदीबाईंनी त्यात स्वतःच कबूल केलं आहे. आप्त आणि जात यांचा विरोध पत्करून इथवर आणणारा निर्धार, हीच त्यांची पात्रता. शिक्का कुठलाच नव्हता.

काका गप्प झाले, पण थोडा वेळच. खातरजमेचा रकाना अजून उरला होता ना! तिथे पथकप्रमुखाचं नाव गेलं. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी त्याला गाठतात आणि अमेरिकेहून फोन आला तर काय बोलायचं ते इंग्रजीतून घोटून घेतात. प्रमुख बिचारा मन लावून शिकतो. त्याची अडचण एकच आहे: फोन गणपतीच्या दिवसांत आला, तर त्याला ऐकूच जाणार नाही.