जुना वर्ग पुन्हा भरवण्याचा प्रयोग : साहित्य, कृती आणि दक्षता

हेतू

दहावीनंतर एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या मुलामुलींना पन्नाशी उलटल्यावर एकत्र आणणं, आणि आणल्यावर ती पुन्हा पांगणार नाहीत अशी तजवीज करणं.

हा प्रयोग कुठेही करता येतो, पण नाशिकला गंगापूर रोडवर केला तर स्वस्तात पडतो. तिळभांडेश्वर लेन, भद्रकाली, रविवार कारंजा इथल्या वाड्यांतून जी पोरं दप्तर घेऊन गावातल्या शाळेत जायची, त्यांचे वाडे एकेक करून पडले किंवा बिल्डरला गेले, आणि बिऱ्हाडं पश्चिमेला सरकत सरकत इथल्या फ्लॅटांत आली. अशोक स्तंभापासून निघा, जुना गंगापूर नाका, विद्याविकास सर्कल, जेहान सर्कल, आनंदवल्ली करत सोमेश्वरपर्यंत जा. वाटेत अर्धा वर्ग लागतो. कुणीतरी शाळेतले बाक उचलून रस्त्याकडेला ओळीनं मांडावेत तसा. हुशार पुढे आणि ढ मागे हा क्रम मात्र राहिलेला नाही. तो आता स्क्वेअर फुटावर ठरतो, आणि त्यात ढ मंडळी बरीच पुढे आहेत.

साहित्य

दहावीचा ग्रुप फोटो, एक. मागच्या रांगेतला एक मुलगा हलल्यामुळे पुसट आलेला असावा. तो कोण, या वादावर पहिला महिना निघतो.

विमा एजंट, एक. याच्याशिवाय प्रयोग होत नाही. ज्याला सगळे इतकी वर्षं टाळत आले त्याच्याचकडे सगळ्यांचे नंबर, पत्ते, जन्मतारखा आणि वारसांची नावं असतात.

ॲडमिन, एक. तो शाळेत मॉनिटर असलेला बरा. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची सवय लागते कामाला.

सात जणांची गाडी, एक. मोठा थर्मास, एक. थर्मास कशाला, ते पुढे येईल.

बॅचचं साल पक्कं माहीत हवं. यात सर्वात बिकट साल 1975. त्या वर्षी महाराष्ट्रात जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली, त्यामुळे एकाच शाळेतून एकाच उन्हाळ्यात दोन बॅचेस बाहेर पडल्या. 2025 मध्ये दोघींची पन्नाशी भरली. अशांचं संमेलन एकत्र घेऊ नये. अकरावीवाले अजूनही दहावीवाल्यांना ‘लहान मुलं’ म्हणतात, आणि लहान मुलांचे गुडघे बदलून झालेले असतात.

शाळेतून गेलेलं एखादं मोठं नावही हाताशी ठेवावं, निमंत्रणपत्रिकेत शोभतं. अशोक स्तंभाजवळच्या रुंगठा हायस्कूलवाल्यांचं बरं आहे. ती पूर्वीची न्यू इंग्लिश स्कूल, तिथे वि. वा. शिरवाडकर शिकले, पत्रिकेचा प्रश्न कायमचा मिटला. इतर शाळांनी मालिकेत सासऱ्याचं काम करणारा एखादा शोधावा.

कृती

प्रथम मुलं शोधावीत. ती सोपी. मुली शोधणं हे खरं संशोधन, कारण आडनाव गेलेलं असतं आणि पुष्कळदा नावही. लग्नात सासरच्यांनी तांदळात कोरून नवं नाव ठेवलेलं. हजेरीपटावरची मंगल आता तिसऱ्याच नावानं सोसायटीची सेक्रेटरी असते. अशा वेळी माहेरचा भाऊ गाठावा. भाऊ सापडत नसेल तर माहेरच्या आळीतला जुना किराणावाला. त्याला सगळं ठाऊक असतं, उधारीसकट.

सापडल्यावर पहिली अडचण संबोधनाची. आमच्या काळी वर्गात मुलगे आणि मुली बोलत नसत, त्यामुळे एकमेकांना काय म्हणायचं हे कधी ठरलंच नव्हतं. आता ती कुठे प्राचार्य, तो कुठे कार्यकारी अभियंता. पहिला आठवडा ‘आपण कसे आहात’मध्ये जातो. यावर उपाय : पहिल्या भेटीत कुणीतरी कुणाला तरी जुन्या टोपणनावानं हाक मारावी, शक्यतो त्याच्या सुनेसमोर. त्यानंतर सगळे आपोआप अरे-अगंवर येतात. वर्गमित्राच्या बायकोला वहिनी म्हणावं. वर्गमैत्रिणीच्या नवऱ्याला काय म्हणावं याची परंपरा नाही. आमच्यात त्या सर्वांना सरसकट ‘जावईबुवा’ म्हणतात. संमेलनात ते एका टेबलाशी गप्प बसतात, आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांवर त्यांची आपापसांत घट्ट मैत्री जमते.

ग्रुपचं नाव ठेवताना ‘मित्रमेळा’ टाळावं. नाशकात या नावाला इतिहास आहे. सावरकर इथे शाळेत होते तेव्हा, 1900 साली, या नावाची मंडळी जमली आणि 1904 मध्ये तिची ‘अभिनव भारत’ ही गुप्त संघटना झाली. आपल्या ग्रुपात गुप्त असं काही राहत नाही.

संमेलनाची जागा म्हणजे लॉन्स. गंगापूर गावाच्या दिशेला ती पुष्कळ आहेत. लग्नाची तिथी नसलेला रविवार पाहावा म्हणजे भाडं निम्मं. पुण्यामुंबईच्या मंडळींना मात्र धरणाजवळचे द्राक्षमळे पाहायचे असतात. आपल्या लहानपणी तिकडे शाळेची सहल जायची ती फक्त गंगापूर धरणाला, आणि डब्यात दशम्या असायच्या, हे त्यांना सांगून उपयोग नाही. सकाळी मिसळ ठेवावी. रस्सा काळा की लाल, यावर मतदान घेऊ नये. ते एकदा घेतलं गेलं, आणि दोन जणांनी ग्रुप सोडला. हल्ली कुणी ग्रुप सोडला तर ते फक्त ॲडमिनला कळतं, ही 2022 पासूनची सोय. पण मॉनिटरला कळलं म्हणजे वर्गाला कळलं.

सरांना बोलवावं. त्यांना आणायला गाडी पाठवावी, जिना नसलेलं व्यासपीठ पाहावं, शाल-श्रीफळ द्यावं. सरांनी मारलेल्या छड्यांच्या आठवणी एकेकानं अभिमानानं सांगाव्यात. सर हसतात. त्यांना तुम्ही आठवत नाही, हे त्यांनी घरूनच ठरवून आणलेल्या हसण्यात झाकलेलं असतं. मान द्यावा आणि पुढचा वक्ता बोलवावा.

निरीक्षण

आनंदाच्या प्रसंगी फार मार्गदर्शन लागत नाही. नातू झाला, घर झालं, सेवानिवृत्ती झाली : साठ जण साठ वेळा हार्दिक शुभेच्छा लिहितात आणि उत्सवमूर्ती साठ वेळा हात जोडते. दोन गोष्टी पाळाव्यात. कुणाच्या आईच्या निधनाची बातमी पडली असताना खाली केक टाकू नये. टाकलाच तर घाबरू नये. पाठवलेला मजकूर सर्वांसाठी पुसायला 2017 मध्ये सात मिनिटं मिळत, आता दोन दिवसांहून अधिक मिळतात. कंपनीनं ही मुदत वाढवली ती भारतातले शाळेचे ग्रुप पाहूनच, असा माझा समज आहे.

दक्षता

प्रयोगाचा हा भाग लांब आहे, कारण वय अठ्ठावन्नच्या पुढे गेलं की ग्रुपचं मुख्य कामकाज हेच.

शाळेची मैत्री निर्मळ असते, तिला स्वार्थ नसतो, म्हणून माणसं धावून येतात असं दिवाळी अंकांतून लिहून येतं. आमचं निरीक्षण वेगळं आहे. रात्री साडेअकराला हॉस्पिटलात येतो तो जेहान सर्कलच्या आसपास राहणारा, ज्याची गाडी खाली पार्किंगमध्ये सरळ निघण्यासारखी लावलेली असते आणि ज्याच्या घरून ‘आत्ता कशाला’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे मैत्री मनापेक्षा अंतरावर जास्त अवलंबून आहे. शाळेतला जिवलग कोथरूडला असतो. तो रडका इमोजी पाठवतो, आणि तो खरंच रडत असतो, पण डिपॉझिट भरायला रांगेत उभं राहायला त्याचा उपयोग नाही.

आमच्याकडे येते ती थर्मासवाली. शाळेच्या सगळ्या वर्षांत तिच्याशी आमच्यापैकी एकाही मुलाचं एक वाक्य बोलणं झालं नव्हतं. ग्रुपवरही ती काही लिहीत नाही. एका मैत्रिणीचे यजमान आयसीयूत होते तेव्हा ती पहिल्यांदा उगवली. हातात पिशवी. पिशवीत चहाचा थर्मास, स्टीलचे चार पेले, लांब वायरचा चार्जर, शाल, आणि प्लास्टिकच्या फायलीत आधारकार्डाच्या कोऱ्या झेरॉक्स काढायला सुट्टे पैसे. ‘कसं झालं गं?’ असं तिनं विचारलं नाही. ‘पॉलिसीचा कागद घरी कुठल्या कपाटात आहे?’ एवढं विचारलं, किल्ली घेतली आणि गेली. प्रत्येक बॅचमध्ये अशी एक असते. ती शोधावी, आणि तिला ॲडमिन करू नये.

हॉस्पिटलात दोघांनीच जावं. आत एक, खाली एक. बाकीच्यांनी यायचंच असेल तर डिस्चार्जच्या दिवशी यावं, कारण तो दिवस सर्वात लांब. विमा नियामकानं 2024 मध्ये नियम केला आहे की कॅशलेसची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. तीन तास कुठून मोजायचे, यावर बिलिंगच्या खिडकीशी चर्चा करायला वर्गातला वकील न्यावा. पेशंट जाण्याच्या कपड्यांत तयार होऊन कॉटवर बसलेला असतो आणि वकिलाला बऱ्याच दिवसांनी काम मिळालेलं असतं. दोघांचीही सोय होते.

‘रक्त हवंय’ हा निरोप आला की लगेच ‘मी येतो’ लिहू नये. आधी वय आठवावं. आपल्याकडे रक्तदान पासष्टपर्यंतच करता येतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच देणार असाल तर साठच्या आतच. शिवाय शुगरच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या. आमच्या ग्रुपात गट जुळणारे बारा निघाले आणि चाळणीतून एकही राहिला नाही. तेव्हा आपल्या मुलांचे नंबर द्यावेत. मुलांना आधी विचारावं.

अमेरिकेतल्या मित्राकडून पैसे मागू नयेत. तो न मागता पाठवतो आणि मग हिशेब विचारतो. त्याचा खरा उपयोग रात्रीचा. नाशकात रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा न्यू जर्सीत दुपार असते. आयसीयूबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जागणाऱ्या माणसाशी त्या वेळी बोलायला दुसरं कोण टक्क जागं आहे? त्याला फोन लावावा आणि डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर नववीत झालेल्या मॅचचा विषय काढावा. तो धावबाद होता, हे तो अजून मान्य करत नाही. दीड तास सहज जातो.

2021 च्या एप्रिलमधल्या कामकाजाबद्दल थोडंच. तेव्हा गुड मॉर्निंगची फुलं आपोआप थांबली. कुठे सिलिंडर आहे, कुठे बेड आहे, कुणाच्या दाराशी डबा ठेवायचा, एवढंच लिहिलं जायचं. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती आणि वीससुद्धा जमत नसत. मिसळीवरून ग्रुप सोडलेल्या दोघांतला एक त्या महिन्यात परत आला. सिलिंडर घेऊनच आला. तर्रीचा विषय कुणी काढला नाही, पुढे काढला.

दहाव्याला रामकुंडावर जायचं तर सकाळी लवकर. गाडी जमेल तिथे लांबच लावावी. घाटावर वर्गमित्रांनी नातेवाइकांच्या मागे उभं राहावं आणि घड्याळाकडे पाहू नये. आमच्या एकाच्या आईच्या दहाव्याला कावळा शिवेना. मामांनी वचन दिलं, धाकट्या भावानं दिलं, ‘नातीचं लग्न थाटात करू’ झालं; कावळा समोरच्या पत्र्यावर बसून मान वाकडी करून बघत होता. शेवटी आमचा मॉनिटर पुढे झाला, हात जोडून म्हणाला, ‘काकू, याच्याकडे आम्ही बघतो.’ कावळा खाली आला. तो त्या वचनामुळे आला, की मागे उभ्या असलेल्या एकाच्या पिशवीतून त्याच वेळी शेव सांडली म्हणून, यावर ग्रुपात दोन पक्ष आहेत. शेववाला पक्ष अल्पमतात असला तरी पुरावा त्याच्याकडे आहे.

तेराव्यानंतर नातेवाईक जातात आणि कागद सुरू होतात. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी, त्यात फी लागत नाही. दाखल्याच्या प्रती एकदमच डझनभर काढाव्यात. बँक, विमा, पेन्शन, गॅस, सोसायटी, प्रत्येकाला ‘ओरिजिनल दाखवा’ म्हणायला आवडतं. वहिनींसोबत बँकेत त्यानं जावं जो बँकेतूनच निवृत्त झाला आहे. काउंटरच्या आतली भाषा त्याला येते. बाहेर आल्यावर वहिनींना रिक्षात बसवून मोकळं होऊ नये; समोर उसाचा रस असतो, तो पाजावा.

शेवटचा प्रश्न ॲडमिनसाठी : गेलेल्या मित्राचा नंबर ग्रुपातून काढायचा का? याबाबत कुठल्याही शाळेच्या घटनेत तरतूद नाही. आमच्या मॉनिटरनं महिनाभर वाट पाहून काढायला बोट पुढे केलं होतं, तेवढ्यात त्या नंबरावरून निरोप आला. ‘मी त्यांचा फोन वापरते. वाचते सगळं. चालेल ना?’ चालेल, असं एकेचाळीस जणांनी लिहिलं, एकानं चुकून केक टाकला आणि मुदतीत पुसला.

तेव्हापासून त्या नंबराला मताधिकार आहे. गेल्या खेपेला रविवारची भेट सोमेश्वरला की नवश्या गणपतीला, यावर मतं समान पडली आणि या एका मतानं सोमेश्वर जिंकलं. हरलेल्या पक्षानं हरकत घेतली, की हयात नसलेल्याच्या नावावर मतदान झालं. मॉनिटरनं ती फेटाळली. वहिनींनी कळवलं आहे की त्या येतील, थालीपिठं आणतील, आणि लोण्याचं इतरांनी पाहावं.