खिशात मावणारा पंप

पंप निवडावा हातांनी, पण दुकानात तो निवडतात डोळे. काउंटरवर पाच-सात पंप ओळीनं मांडलेले असतात आणि त्यातला सगळ्यात चिमुकला, चकचकीत ॲल्युमिनियमचा पंप माणसाला भुरळ घालतो. दुकानदारही भला माणूस. तो म्हणतो, "सर, खिशात मावतो." खरंच मावतो. फक्त पुढे हवा खिशाला मारायची नसते.

हिशेब साधा आहे. नळी जितकी बारीक, तितका दट्ट्याला जोर कमी लागतो. पण हवाही तितकी चिमूटभरच जाते. दोन सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून १०० पीएसआयचा दाब गाठायला बावीसेक किलोचा रेटा पुरतो. तीच नळी तीन सेंटिमीटरची केली की तो पन्नास किलोच्या घरात जातो. उभ्या पंपावर हे जमतं, कारण तिथे आपण पोटासकट झुकतो आणि इतके दिवस जपलेलं वजन एकदाचं कामी येतं. हातपंपाला मात्र दोन दंडांवरच भागवावं लागतं. म्हणून बारीक टायरच्या शर्यतीच्या सायकलला बारीक नळी बरी आणि आपल्या जाड टायरला जाड. हे न बघता तो चिमुकला पंप घेतला, तर काळ्या सायकलच्या टायरला दोनशे-अडीचशे दट्टे मोजून घ्या. पन्नाशीपर्यंत गप्पा चालू असतात. शंभरीला त्या थांबतात. दीडशेच्या पुढे माणूस नुसता रस्त्याकडे बघत बसतो, कुणी ओळखीचं येतं का म्हणून.

खानदेशात ही वेळ येतेच. धुळ्याहून फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगावला जायचं म्हटलं तर नव्वदेक किलोमीटरचा रस्ता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना बाभूळ. बांधाला कुंपण बाभळीचं, गाडीवर लादलेल्या फांद्या बाभळीच्या आणि त्यातून सांडलेला काटा आपल्या चाकाचा. त्यातून वाचलात तर सराटा आहे. सराट्याची बी तळहातावर घेऊन पाहा: ती कशीही टाकली तरी एक शिंग वरच. पंक्चर काढण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून तो काटा शोधायचा असतो, हळूच, नाहीतर तो बोटालाच सापडतो. घाईघाईनं नवी ट्यूब घालून निघालेला गडी दोन किलोमीटरवर पुन्हा खाली बसलेला दिसतो. नुसता पंप घेऊन निघालेल्याचं तर काही विचारूच नका. जोडीला एक ट्यूब, ठिगळं, सोल्युशन आणि टायर उकलायच्या दोन पट्ट्या नसतील, तर पंप म्हणजे काट्यानं पाडलेल्या भोकातून शेतात वारा सोडायचं साधन.

उन्हाळ्याची भीती मात्र जरा जास्तच घातली जाते. "पंचेचाळीस डिग्री आहे, हवा कमी ठेव, टायर फुटेल." सकाळी २५ अंशांना ५० पीएसआय भरलेली हवा ४५ अंशांना साधारण ५४ होते, तेवढ्यानं टायर फुटत नाही. उन्हानं फुटतो तो आपला धीर, आणि सोल्युशन पातळ होऊन ठिगळ सरकतं.

पूर्वी पंप कुणी विकत घ्यायचंच नाही. तो सायकलच्या दुकानाबाहेर उभा असायचा, चोरीला जाऊ नये म्हणून साखळीनं बांधलेला. दुकानदार मान वर न करता म्हणायचा, "मारून घ्या." आतलं कातडी वायसर वाळलं की दांडा नुसताच फुसफुसत खालीवर व्हायचा, मग त्यात दोन थेंब तेल. व्हॉल्व्ह काढला तर त्यावरची बोटभराचीही नसलेली रबरी व्हालट्यूब फाटलेली निघायची. नवी चढवताना तिला थुंकी लावायची. दुसरं काही लावलेलं मी तरी पाहिलं नाही. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तेव्हा या शेवटच्या टप्प्याचा विचार केला असेल असं वाटत नाही.

आता रस्ता रुंद झाला आणि दुकानात कॉम्प्रेसर आला. त्याचा धाक आहे ट्रकच्या चाकाला. सायकलची ट्यूब त्याच्यापुढे क्षणभर फुगते आणि गोळी सुटल्यासारखी जाते. शिवाय नव्या सायकलींचा तो काडीसारखा बारीक व्हॉल्व्ह पाहून दुकानदार आपल्याकडेच संशयानं बघतो. एक छोटी पितळी टोपी जवळ ठेवली की हे भांडण मिटतं. गंमत म्हणजे त्या बारीक व्हॉल्व्हसाठी केलेलं पंपाचं तोंड आपल्या जुन्या व्हालट्यूबवाल्या व्हॉल्व्हलाही बसतं. पंपाला वीतभर रबरी नळी मात्र हवीच. नळी नसलेला पंप थेट व्हॉल्व्हवर अडकवून हिसके दिले, तर व्हॉल्व्ह मुळातूनच उपटतो, आणि ही इजा ठिगळाच्या पलीकडची.

गॅसच्या नळकांड्याही मिळतात, सोळा ग्रॅमच्या. एका फुसकाऱ्यात चाक टणक. पण कार्बन डायऑक्साइड रबरातून लवकर झिरपतो आणि दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा मऊ. आणि नळकांडी एकदाच वापरायची. काटे तर तसा काही नियम पाळत नाहीत. बॅटरीवरचे पंपही आलेत. त्यांचं चार्जिंग कधी संपतं, हे मोबाइलवाल्यांना सांगायला नको.

पंपाची चिंता सगळ्यांनाच सारखी नसते. २०१५ साली नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, दोघांच्या संघातून 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पुरी करून आले. जवळपास ४,८०० किलोमीटर. त्या शर्यतीत मागे गाडी असते, गाडीत माणसं असतात. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणाऱ्यांचं तसं नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, आणि दोन थांब्यांच्या मधे बाहेरून ठरवलेली मदत घ्यायची नाही. म्हणजे नियमानंच पंप आपला आणि दंडही आपलेच.

हा नियम करणाऱ्यांनी पारोळा-एरंडोल रस्ता पाहिलेला नसावा. तिथे बाभळीखाली सायकल उलटी टाकली की पाच मिनिटांत कुणीतरी येऊन उभं राहतं. असेच एक बाबा आले, हातात विळा. वीतभर पंप उलटासुलटा करून बघितला. "हाऊ पंप शे का?" हो म्हटलं. "कितलाले लिधा?" घरी सांगतो तीच किंमत सांगितली, म्हणजे निम्मी. तरी त्यांनी विळा खाली ठेवला. मग पंप हातात घेतला आणि निंदणी-कापणीत मुरलेल्या दंडांनी असे दट्टे हाणले, की नळी चटका देण्याइतकी तापली. पंपावरचा दाबाचा काटा पन्नासवर गेला तसं मी बस म्हटलं. त्यांचा काट्यावर विश्वास नव्हता. अंगठ्यानं टायर दाबून पाहिला, आणखी दहा-बारा मारले आणि विचारलं, कुठं निघालास. जळगावला, म्हटलं.

"जळगावले त यष्टी जास ना भाऊ!"