बार्शी लाइट आणि वजा गुण

निवृत्त झालेला माणूस एक तर सोसायटीच्या कमिटीत शिरतो, नाही तर नातवंडं सांभाळायला परदेशी जातो. मी कॉम्प्युटरवर बार्शी लाइट ही जुनी छोटी रेल्वे बांधायला घेतली. कमिटीतले लोक त्यामुळे वाचले.

ट्रेन सिम्युलेटर म्हणजे बसल्या जागी गाडी हाकायचा खेळ, असं पुष्कळांना वाटतं. तो नवशिक्यांचा प्रकार झाला. मुरलेले लोक गाडी हाकत नाहीत, लाइन टाकतात. उपग्रहाने मोजलेले जमिनीचे चढउतार आयते मिळतात. त्यावर रूळ अंथरायचे, पूल घालायचे, स्टेशनं उभी करायची. भूसंपादन नाही, मोर्चे नाहीत, भूमिपूजनाला मंत्र्यांची तारीख नाही. तरीही काम रखडतं, आणि दोष द्यायला सरकार नसतं.

मूळ लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची. जीआयपी रेल्वेच्या नोकरीत इकडे आलेला हा माणूस. मोठी रेल्वे बार्शीला टाळून कुर्डुवाडीवरून गेली होती. कॅलथ्रॉपने दोन रुळांत अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर अंतर ठेवून छोटी लाइन काढायची ठरवली. एका आसावर पाच टनांच्या वर वजन पडू द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट. म्हणून त्याने लीड्सच्या किटसन कारखान्यातून आठ जोडचाकांची इंजिनं करून घेतली. वजन जितक्या चाकांवर वाटलं जाईल तितके रूळ हलके चालतात. 1897 मध्ये बार्शी, 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये निजामाच्या हद्दीतलं लातूर आणि 1927 मध्ये मिरज, अशी ही गाडी तीस वर्षं सावकाश वाढत तीनशे किलोमीटरच्या वर गेली. कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूटही तयार केलं. त्याचा आणि बार्शी लाइटच्या टपावर बसणाऱ्यांचा संबंध नसावा.

आता तिथे मोठी लाइन झालीय. रुंदीकरणात ती धाराशिवला वळवली, त्यामुळे येडशीच्या पुढचा जुना मार्ग जुन्या नकाशांवरून हुडकावा लागला. ते जमलं. अडलं ते बाभळीपाशी.

सिम्युलेटरबरोबर फुकट मिळणारी झाडं म्हणजे पाइन, ओक आणि बर्फाने वाकलेलं काहीतरी. घरांना धुराडी. गाय मिळते, पण ती इतकी धष्टपुष्ट की माढा तालुक्यात तिला कुणी गाय म्हणणार नाही. तेव्हा बाभूळ घरीच करायची ठरली. कृती सोपी आहे: झाडाचा फोटो घ्यायचा, त्याच्या दोन प्रती फुलीसारख्या एकमेकींत अडकवायच्या, झालं झाड. फक्त काट्याकाट्यांमधून दिसणारं आभाळ माउसने खरवडून काढावं लागतं. फोटोसाठी मी मोहोळच्या अलीकडे रस्त्याकडेला एका बाभळीला प्रदक्षिणा घालत होतो, तर शेतातून एक जण धावत आला. "सायेब, रस्ता रुंद होनार का?" नाही म्हटलं. "मग बाभळीचं काय करताय?" या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. रात्री खरवडताना तोच प्रश्न बायकोने विचारला, "अहो, बाल्कनीतली तुळस वाळलीय, आणि तुम्ही बाभळी कसल्या लावताय?"

त्यानंतर साक्षीपुरावे. माझे मामा बार्शीचे, ऐंशी ओलांडलेले. मावशीही तिथलीच, पण लग्नानंतर सोलापूरला. शेंद्री स्टेशनचा मोठा लिंब मामांच्या मते डाव्या हाताला, मावशीच्या मते उजव्या. दोघांनी फोनवर एकमेकांची अक्कल काढली, भाऊबीजेचे जुने हिशेब निघाले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामांनी तो लिंब कॉलेजला जाताना बघितला होता आणि मावशीने माहेरी येताना. डब्यांच्या रंगाबद्दल मात्र अशी तडजोड निघेना. शेवटी मी डबे इतके धुळकट केले की दोघांनाही आपलाच रंग दिसला.

चालत्या गाडीतून उतरून, आडोशाला जाऊन येऊन, परत त्याच डब्यात चढता यायचं, ही गोष्ट मामांनी शपथेवर सांगितली. ही गोष्ट देशातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल शपथेवरच सांगतात, त्यामुळे मी ती पुराव्यातून वगळली. मामा आठवडाभर बोलले नाहीत.

खरी कसोटी आषाढीची. यात्रेच्या दिवसांत डबे पुरायचे नाहीत, मालगाडीच्या वाघिणींतून माणसं न्यायचे. मी एक वारकरी तयार केला: धोतर, टोपी, खांद्यावर पताका. त्याच्या शेकड्याने प्रती काढल्या. त्या सगळ्यांनी एकाच क्षणी डावा पाय उचलला आणि कुर्डुवाडीच्या फलाटावर माझ्या दिंडीचं संचलन सुरू झालं. टपावर माणूस बसवायची सोय तर प्रोग्रॅममध्ये नाहीच. टपावर फक्त माल चढतो. म्हणून मी वारकऱ्यांची नोंद कोळसा म्हणून केली. सगळे अगदी ऐटीत बसले. मोडनिंबला कोळसा उतरवायची साइडिंग होती, हे नंतर लक्षात आलं.

पण प्रोग्रॅमचा आणि बार्शी लाइटचा खरा तंटा गुणांवरून आहे. गाडी वेळेत आली तर गुण. हिसका बसला तर वजा. फलाटापुढे डबा गेला तर वजा. सिग्नल नसताना थांबलात तर वजा, मागे आलात तर परीक्षाच रद्द. आता रामलिंगच्या घाटात, पावसात, भरलेली गाडी चढावर घसरायला लागली तर ड्रायव्हरने काय करावं? मागे यावं, रुळांवर वाळू सोडावी आणि पुन्हा धावत यावं. मी रुळांचा ओलेपणा इतका हुबेहूब साधला की गाडी अगदी खऱ्यासारखी घसरली, आणि प्रोग्रॅमने मला नापास केलं. मी जितकी लाइन खरी करत जातो, तितके माझे गुण कमी होतात. ज्या दिवशी पैकीच्या पैकी पडले, त्या दिवशी मी जपानची गाडी चालवत होतो असं समजायचं.

दिवाळीत मामा आले. राग पुरता गेला नव्हता, पण फराळ होऊन पडदा लागल्यावर विरघळले. कीबोर्ड मांडीवर घेऊन त्यांनी बार्शीहून गाडी सोडली. शेंद्रीला थांबवली ती थांबवलीच.

"मामा, निघा की, सिग्नल पडलाय."

"थांब. येत आसंल कुनी तरी."

कुणी येणार नव्हतं. त्या रस्त्यावर मी एकही माणूस ठेवलेला नाही, सगळे मोडनिंबला उतरलेले. मामांनी शिट्टी दिली, पायवाटेकडे टक लावून पाहिलं, चकलीचा तुकडा मोडला, पुन्हा शिट्टी दिली. पडद्यावर लाल अक्षरं आली: उशीर. गुण वजा. प्रवासी असमाधानी.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कोन म्हनतंय आसमाधानी? उतरलाय का एक तरी?"