पोस्टकार्डाहून स्वस्त

डिसेंबर 2002. धीरूभाईंच्या जयंतीच्या मुहूर्तावर रिलायन्सचा मोबाइल आला. फोनवरचं बोलणं पोस्टकार्डाहून स्वस्त व्हावं, हे त्यांचं स्वप्न. पुढच्याच पावसाळ्यात 501 रुपये भरले की हँडसेट हातात मिळू लागला, बाकीचे पैसे हप्त्याने. त्यात सिमकार्डच नसायचं. त्यामुळे कंपनी सोडली की फोन पोरांच्या खेळण्यांत जमा. (हप्ते मात्र खेळण्यातले नव्हते.)

मग 2005 मध्ये धीरूभाईंच्या दोन मुलांत वाटणी झाली. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, पण आपल्याकडे ती बांधावरून होते, इथे टॉवरवरून झाली. मोबाइल धाकट्याच्या वाट्याला आला. एकमेकांच्या धंद्यात न पडण्याचा करार 2010 मध्ये मोडीत निघाला आणि 2016 मध्ये थोरल्याने जिओ आणून बोलणंच फुकट केलं. फुकटापुढे स्वस्ताची काय कथा! 2017 संपता संपता धाकट्याने मोबाइल सेवा गुंडाळली. 2019 मध्ये एरिक्सन कंपनीची थकबाकी न दिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने त्याला अवमानाचा दोषी ठरवलं, तेव्हा तुरुंग टाळायला थोरलाच धावून आला. धाकट्याच्या मोबाइल कंपनीने दिवाळखोरीची वाट धरली तीही त्याच वर्षी.

पोस्टकार्ड अजून पोस्टात मिळतं.