आधी पत्रिका, मग अंजन

काय म्हणावं या ग्रीकांना! तोंडात सदा तर्कशास्त्र, आणि भाळले कुणावर, तर बाबिलोनच्या बेरोसस नावाच्या पुजाऱ्यावर. या गृहस्थाने कॉस बेटावर चक्क ज्योतिषाची शिकवणी उघडली. अथेन्सकरांनी तर कहरच केला. त्याचा पुतळा उभारला, आणि जीभ म्हणे सोन्याची! (रोमन लेखक प्लिनी सांगतो हो, मी नाही.)

माल सगळा उसना. बारा राशी बाबिलोनच्या, आकाशाचे छत्तीस तुकडे इजिप्तचे. ग्रीकांनी त्यात भूमिती घातली. जन्मवेळी पूर्वेला कोणती रास उगवत होती ते पाहायचं, तिथून बारा घरं मोजायची, कोणता ग्रह कुणाकडे कितव्या घरातून बघतो ते ताडायचं. उगवती रास साधारण दोन तासांत बदलते. म्हणजे बाई कळा देतेय आणि घरच्यांचे डोळे पाणघड्याळावर! शिवाय ग्रहांतही तट. दिवसा जन्मलात तर गुरू-शनी तुमचे, रात्री जन्मलात तर शुक्र-मंगळ. दिवसा म्हणे शनीसुद्धा जरा बरा वागतो.

हे खूळ रोमला पोचलं आणि अब्रूच गेली. इ.स.पू. 139 मध्ये ज्योतिषी मंडळींना हाकललं. गेली? छे! सम्राट ऑगस्टसने इ.स. 11 मध्ये फर्मान काढलं, मरण कधी ते ज्योतिष्याला विचारायचं नाही. आणि स्वतः? नाण्यांवर मकर रास! तिबेरियसची तऱ्हा त्याहून न्यारी. रोड्स बेटावर असताना ज्योतिषी घरी बोलवायचा, संशय आला की परतीच्या वाटेवर कड्यावरून समुद्रात. थ्रासिलस नावाच्या ज्योतिष्याला विचारलं, तुझी स्वतःची आजची घडी कशी? तो लटपटत म्हणाला, जिवावर बेतलेली दिसते. झालं, मिठीच मारली! पुढे सम्राट झाल्यावर बाकीच्या ज्योतिष्यांची हकालपट्टी, हा तेवढा घरात.

बायकांवर रोमन कवी जुव्हेनलचा भारी डोळा. डोळ्याचा कोपरा चुरचुरला तरी अंजनाआधी पत्रिका काढतात म्हणे. पण पुरुष काय कमी? पेट्रोनियसच्या कादंबरीतला तो नवश्रीमंत त्रिमाल्कियो पाहा. पाहुण्यांपुढे बारा राशींचं ताट! मेषेवर हरभरे, वृषभेवर गोमांस, मीनेवर दोन मासे. कर्केवर मात्र नुसती माळ, कारण ती यजमानांची रास. तिच्यावर भार नको.

ही साथ आपल्याकडेही आलीच. संस्कृतात 'यवनजातक' हा ग्रंथ झाला, आणि ज्योतिषी वराहमिहिराने या विद्येपायी यवनांना, म्हणजे ग्रीकांना, ऋषींच्या पंगतीला बसवलं. म्लेंच्छांना, पंगतीला!