किल्ली कुणाकडे आहे?

आमच्या तालुक्याला बसस्टँडसमोर एका पक्षाचं कार्यालय आहे. कुठल्या पक्षाचं ते सांगत नाही. हवं ते नाव घाला, कुलूप तेच बसेल. दारावर तीन नेत्यांचे फोटो आहेत. त्यातले दोघे केव्हाच दुसऱ्या पक्षात गेले, पण फोटो उतरवायला शिडी लागते आणि शिडी धरायला कार्यकर्ता लागतो. पायरीवर रसवंतीवाल्याने उसाच्या मोळ्या टेकवून ठेवल्यात. किल्ली शेजारच्या चहाच्या टपरीत, साखरेच्या डब्यामागे असते.

हे आठवायचं कारण असं, की हरलेल्या पक्षाने पुन्हा उभं कसं राहावं यावर हल्ली फार विद्वान बोलताहेत. कुणी म्हणतं नॅरेटिव्ह हवा, कुणी म्हणतं चेहरा हवा, कुणी म्हणतं सर्व्हे करून घ्या. किल्ली कुठंय, हे कुणीच विचारत नाही.

काँग्रेसचंच घ्या. १९७२ साली महाराष्ट्र विधानसभेत २७० पैकी २२२ आमदार. १९९० साली १४१. २०१४ साली ४२. २०२४ साली १६. मधे एखादी उसळी आली, नाही असं नाही; पण घसरगुंडीवरही मूल मधेच पाय अडवून थांबतंच की!

त्यातही २०२४ ची गंमत न्यारी. जूनमध्ये लोकसभेच्या १७ जागा लढवून पक्षाने १३ जिंकल्या. सांगलीची जागा वाटाघाटीत मित्रपक्षाला देऊन टाकली होती. तिथे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, जिंकले आणि काँग्रेसलाच पाठिंबा देऊन मोकळे झाले. म्हणजे आपला उमेदवार कोण, हे सांगलीच्या मतदाराला कळलं होतं, जागा वाटणाऱ्यांना तेवढं कळायचं राहिलं होतं. निकालानंतर लगेच आघाडीत मुख्यमंत्री कोण, यावर खल सुरू झाला. मांडव पडायच्या आत आहेराची वाटणी!

आता पाढा म्हणा. एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. जूनमध्ये जिंकलेल्या मुलुखातच अठ्ठ्याहत्तर जागा होत्या. नोव्हेंबरात अख्ख्या महाराष्ट्रात सोळा आल्या. संगमनेरमधून आठ वेळा निवडून आलेले बाळासाहेब थोरात पडले. कराड दक्षिणेत माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पडले. प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीत वाचले, ते २०८ मतांनी. २०८ म्हणजे आमच्याकडच्या लग्नाची पहिली पंगतसुद्धा नव्हे.

असं झालं की पक्षात ठरलेले उपाय निघतात.

पहिला उपाय, चिंतन शिबीर. मे २०२२ मध्ये काँग्रेसने उदयपूरला तीन दिवस चिंतन केलं. ठरलं काय? निम्मी पदं पन्नाशीच्या आतल्यांना. पाच महिन्यांनी पक्षाला नवा अध्यक्ष मिळाला, वय वर्षं ऐंशी. यात खर्गेंचा काय दोष? त्यांनी रीतसर निवडणूक जिंकली. दुसरा ठराव होता ‘एक कुटुंब, एक तिकीट’. त्याला पुरवणी अशी की कुटुंबातल्या दुसऱ्या कुणी पक्षात पाच वर्षं काम केलं असेल तर चालेल. आता नेत्याच्या मुलाचं पक्षकार्य पाळण्यापासून मोजायचं म्हटलं, तर पाच वर्षं पहिलीत जायच्या आतच भरतात.

दुसरा उपाय, अध्यक्ष बदला. तेही झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पटोले गेले, हर्षवर्धन सपकाळ आले. प्रदेशाध्यक्ष एका पत्रावर बदलता येतो. बूथवर सकाळी सातपासून सायंकाळी सहापर्यंत पोळीभाजीचा डबा घेऊन बसणारा माणूस कुठल्या पत्रावर नेमायचा?

तिसरा उपाय, समोरच्यापेक्षा मोठा आकडा बोला. महायुतीने लाडक्या बहिणीला महिन्याला दीड हजार दिले. महाविकास आघाडीने तीन हजारांचं वचन दिलं. बायकांनी शांतपणे हिशेब केला: हे दीड हजार खात्यात आलेत, ते तीन हजार भाषणात आहेत. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला बाई म्हणजे काही पक्षश्रेष्ठी नव्हे. शिवाय तिला दुसरीही एक गोष्ट आठवत होती. फॉर्म भरताना आधार कार्डाची झेरॉक्स कुणी काढून आणली, ओटीपी कुणी वाचून दाखवला, ‘काकू, इथं सही करा’ कोण म्हणालं. मत त्या टेबलाजवळच ठरलं असावं, असा माझा संशय आहे.

इथे भाजपवाले मिशीत हसत असतील. त्यांना हसायचा हक्क आहे, निदान जुन्यांना. १९८४ साली या पक्षाचे लोकसभेत दोनच खासदार होते, महाराष्ट्रातून एकही नाही. तेव्हा त्यांनी काही रिसॉर्ट गाठलं नाही. त्याच्या आगेमागे वसंतराव भागवतांनी इथे माळी, धनगर, वंजारी असा ‘माधव’ मांडला आणि फरांदे, डांगे, मुंडे अशी माणसं पुढे केली. शेटजी-भटजींचा म्हणून हिणवला जाणारा पक्ष गावकुसापर्यंत पोचला तो सायकलवरून, एसटीने आणि कुणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकून. २०२४ मध्ये १३२ आमदार आले, त्या पिकाची पेरणी तेव्हाची.

पण आता त्याच पक्षात काय चाललंय? राधाकृष्ण विखे पाटील काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते, २०१९ मध्ये थेट भाजपच्या सरकारात मंत्री झाले. अशोक चव्हाणांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये एका दिवशी काँग्रेस सोडली, दुसऱ्या दिवशी भाजप धरली आणि राज्यसभाही गाठली. तीस वर्षं सतरंज्या उचलणारा मागच्या रांगेतून बघतोय, की सतरंजी त्याने घातली आणि लोडाला टेकून बसलाय तो कालपर्यंत ज्याला शिव्या द्यायच्या होत्या तोच. काँग्रेसचं रोप उपटून आपल्या कुंडीत लावलं की बाग फुलल्यासारखी दिसते खरी. पण कुलूप लागायला सुरुवात होते ती सत्ता असतानाच. काँग्रेसला विचारा. तिच्या दाराला ते १९७२ च्या आसपासच लागलं असणार; २२२ आमदारांच्या गर्दीत आवाज आला नाही, एवढंच.

आमच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली एक काका बसायचे. त्या कुलूपवाल्या पक्षाचेच. मांडीवर वायरची पिशवी. तिच्यात निराधार योजनेचे कोरे फॉर्म, डिंकाची बाटली, अंगठ्यासाठी शाईचा पॅड आणि शाई पुसायला जुन्या धोतराचा तुकडा. कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाच्या सातबाऱ्यावरची वारसनोंद, कुणाचं रेशनकार्ड फाटलेलं. पैसे घेत नसत, चहा घेत. दहाव्याला पहिले हजर, बारशाला शेवटपर्यंत थांबणारे. मतं मागायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही; निवडणुकीत नुसते गल्लीतून चालत गेले तरी प्रचार व्हायचा.

उभ्या आयुष्यात त्यांनी एकदाच काही मागितलं: पंचायत समितीचं तिकीट. एबी फॉर्म आला तो कारखान्याच्या संचालकाच्या पुतण्याच्या नावाने. काकांनी बंड केलं नाही, पत्रकार परिषद घेतली नाही. दुसऱ्या दिवसापासून लिंबाखाली बसायचे थांबले. पक्षातून राजीनामा देण्याची इतकी स्वस्त पद्धत दुसरी नाही. म्हणूनच बहुतेक श्रेष्ठींना तिचा पत्ता लागला नाही.

परवा बसला वेळ होता. म्हटलं, कार्यालय आतून बघावं. टपरीवाल्याकडे किल्ली मागितली. त्याने साखरेचा डबा सरकवला, किल्लीवरच्या मुंग्या फुंकरीने उडवल्या आणि देता देता विचारलं, “का हो, निवडणूक लागली का?”